बारा झाडं आणि सात दिवसांची पट्टी

माझं ऑपरेशन ठरलं हे फोनवर सांगितलं, तेव्हा दादा रेणापूरजवळच्या आमच्या शेतात विहिरीच्या मोटारीपाशी उभा होता. ऑपरेशन छातीचं. घरच्यांनी मला मुलगी समजून वाढवलं होतं. तो गैरसमज मी सहा-सात वर्षांपूर्वी बांधावर बसून दादापुढे दूर केला. तेव्हा तो तोंडातली गवताची काडी थुंकून एवढंच म्हणाला, "मग पोळ्याला बैलं धुवायला येत जा की. मी एकटाच मरतो दरवर्षी."

फोनवर मात्र त्याने विचारलं, "करणार काय नेमकं?"

मला कोणी विचारायचाच अवकाश! नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीवर जांभळ्या पेनाने नकाशा काढून जे समजावलं होतं, ते मी साभिनय ऐकवलं. छाती लहान असेल तर स्तनाग्राच्या कडेने छोटी चीर देऊन आतला भाग काढता येतो. माझा मामला भरल्या घराचा. म्हणून खाली दोन लांब चिरा, आतलं सगळं आणि जास्तीची कातडी बाहेर. स्तनाग्रं पूर्ण सोडवून, कापून लहान करून, पुरुषाच्या छातीवर असतात तिथे नव्याने बसवायची आणि वर गादी ठेवून टाक्यांनी आवळून टाकायची. खालून रक्त मिळालं तर ती जगतात. नाही तर वाळतात.

पलीकडे दादाने मोटार बंद केली.

"म्हंजे एका जागचं काढून दुसऱ्या जागी बांधणार."

"हाव."

"किती दिवस?"

"सात."

"अन् मधी उघडून बघायचं न्हाई?"

"न्हाई."

"मग मी येतो. तू बघितल्याबिगर राहणार न्हाईस."

आता इथे मला गुन्हा कबूल करावा लागेल. मी आठ वर्षांचा असताना वडिलांनी आंब्याची बारा कलमं बांधली होती. सांधा जुळला की नाही हे पाहायला मी रोज दुपारी एकेक पट्टी सोडायचो, हळहळायचो आणि परत गुंडाळून ठेवायचो. बाराच्या बारा वाळली. मार दादाने खाल्ला, कारण लक्ष ठेवायचं काम त्याचं होतं. पुढे दादा स्वतः कलमं बांधण्यात पटाईत झाला, पण ती बारा तो विसरला नाही.

मला ही दोन स्तनाग्रं मात्र जगायला हवी होती. सपाट छाती तर मिळणारच होती. पण आमच्या हौदावर पाइपाखाली दादा उघड्याने आंघोळ करायचा आणि मी सगळी वर्षं आत छाती दाबून ठेवणारा आवळपट्टा, वर शर्ट, अशा थाटात काठावर बसून त्याला साबण द्यायचो. मला त्याच्या शेजारी बसायचं होतं, आणि तेही छातीवर दोन कोऱ्या जागा घेऊन नाही.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तर दोन्ही बगलांतून नळ्या, त्यांच्या टोकाला रक्त गोळा करणारे डबे, आणि स्टुलावर दादा. डॉक्टरीणबाई आल्या, तसा तो उभा राहिला.

"बाई, घट्ट बांधलंय न्हवं? वारं शिरलं की संपलं."

"वाऱ्याची भीती नाही हो. खाली रक्त साठलं तर ते धरत नाही. म्हणूनच दाबून बांधलंय."

"तेच की," दादा म्हणाला. बाई गेल्यावर मला म्हणाला, "हिला कळतंय."

तिसऱ्या दिवशी नळ्या निघाल्या आणि आम्ही विष्णुपुरीला माझ्या खोलीवर आलो. मी तिथल्या कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला आहे. पाचव्या दिवशी पट्टीखाली अशी खाज सुटली की मी माझ्या सगळ्या कला पणाला लावल्या. कण्हलो. डोळे फिरवले. "दादा, आत ओलं लागतंय रे. जरा कोपरा उचलून बघू?"

दादाने वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. "बारा झाडं."

संडासात गेलो तरी बाहेरून आवाज, "बारक्या, कडी लावायची न्हाई!"

सातव्या दिवशी पट्टी निघाली. बाईंनी आरसा दिला. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दोन दोन तास माइक न सोडणारा मी, आता आरसा सोडेना. सपाट! माझी! मग नजर डावीकडे गेली. उजवं गुलाबी होतं आणि डावं कोळशासारखं काळं.

"वरची कातडी बऱ्याचदा अशी काळी पडते," बाई म्हणाल्या. "खाली काय आहे ते दोन-तीन आठवड्यांनी कळेल. खपली ओढायची नाही."

"ओढू देत न्हाई," दादा म्हणाला, आणि तिथूनच मला शेतावर घेऊन गेला.

तीन आठवडे मी दाबाचं जाकीट घालून आंब्याखाली बाजेवर पडून होतो. वहिनी जेवण आणायची आणि जाता जाता माझ्या हातांकडे बघून जायची. तिलाही पढवलेलं होतं. मीही, खोटं कशाला सांगू, एकदाच बोट नेलं आणि परत आणलं.

एका सकाळी जाकीट काढलं तर आत खपलीची काळी टिकली पडलेली. खाली पाहायची हिंमत होईना. ओरडलो, "दादा!" तो पाटाचं पाणी तसंच सोडून चिखलाच्या पायांनी पळत आला. कलमावर फुटणारा डोळा बघावा तसा वाकला. किती वेळ वाकला!

"गुलाबी हाय," तो म्हणाला. "धरलं."

मग सरळ होऊन म्हणाला, "चौदात दोन. तुझ्या हाताला एवढं लई झालं."

पुढच्या तपासणीला बाईंनी पाण्याची परवानगी दिली. त्याच दिवशी, लाइट येताच, दादाने मोटार लावली. मी शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि पाइपाखाली त्याच्या शेजारी बसलो. हात खांद्याच्या वर न्यायला अजून मनाई होती, म्हणून माझी पाठ त्यानेच घासली. काथ्याने, आणि इतकी करकचून की तो मनातल्या मनात बारापर्यंत मोजत असणार याबद्दल मला शंका उरली नाही.