देव्हाऱ्यातलं कार्ड

मी क्रेडिट कार्डं विकायचो. नुसती विकायचो नाही, रंगवून विकायचो. कॉलेजात असताना घाटकोपर-मुलुंडच्या हॉलमधून एकांकिका केल्या होत्या. ती सगळी कमाई पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी अंधेरी पश्चिमेला, मासळी बाजाराच्या दारात, एका रंगीत छत्रीखाली उधळत होतो. "या, या! ज्यांना मोठ्या बँकांनी हाकललं, त्यांनी इकडे या! इथे अपमान करत नाहीत, कार्ड देतात!" लोक हसायचे, आणि हसणारा माणूस थांबतोच.

आमची बँक खासगी, छोटी, मूळची लांबच्या एका जिल्ह्याच्या गावातली. मोठ्या बँका ज्यांना दारात उभं करत नाहीत तेच आमचं गिऱ्हाईक. हप्ते थकलेले रिक्षावाले, धंदा बुडालेले दुकानदार, पगाराची स्लिप जन्मात न पाहिलेल्या बायका. त्यांनी आमच्याकडे मुदत ठेव ठेवायची आणि तिच्या जोरावर कार्ड घ्यायचं. बिल थकलं तर बँक ठेवीतून वळतं करून घेणार. बँकेला धोका नाही, मला दर कार्डामागे कमिशन. आणखी काय हवं?

बाजारात आत शिरलं की डाव्या हाताला एक कोळीण बसायची. मी तिच्याकडून वर्षानुवर्षं मासळी घेत होतो. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला बाला. बोटीसाठी नवऱ्याने कधीतरी घेतलेलं कर्ज थकलं होतं, त्यामुळे दोघांना कुठलीच बँक उभी करत नव्हती.

"कार्ड घे मावशी," मी म्हटलं. "तुझं नाव बँकेच्या वहीत चांगलं होईल. पुढे बोटीला कर्ज मिळेल."

"आनि मी वापरलाच नाय तर?"

"तर काय! नाही वापरलंस तर रुपया लागणार नाही. राणीसारखी बस."

हे खोटं होतं. पहिलं वर्ष फुकट, दुसऱ्या वर्षापासून वापरा की नका वापरू, वार्षिक फी. मला ते ठाऊक होतं. ते सांगितलं की गिऱ्हाईक उठून जातं, हेही ठाऊक होतं.

इंजिनाच्या कामासाठी साठवलेले पंचवीस हजार तिने ठेवीत टाकले. कार्ड आलं तेव्हा त्यावरच्या उठावदार अक्षरांवरून ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. मासळीवालीचं नाव बोटाला लागत होतं! कार्ड चालू झाल्याशिवाय माझं कमिशन सुटत नसे, म्हणून तिचा फोन मीच घेतला, ओटीपी मीच टाकला. वर जाता जाता फुकटचा उपदेशही केला, "बँकेतून बोलतोय असं कुणी म्हटलं की फोन कापायचा. सगळे चोर असतात."

तिने माझं अक्षरशः ऐकलं.

तिसऱ्या वर्षी, पावसाळ्यात मासेमारी बंद असताना, ती ठेवीची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्या टेबलाशी आली. "इंजिन खोललाय. मेस्त्री पैशासाठी थांबलाय. ही मोडून दे. नारली पुनवेला बोट जायला पायजे."

मी तिला शाखेत घेऊन गेलो. क्लार्कने स्क्रीन पाहिली आणि म्हणाला, सहा हजार आणि वर काहीतरी शिल्लक आहे. न भरलेली फी, फीवर दंड, दंडावर व्याज, आणि दर महिन्याला पुन्हा तेच. बाकीचं बँकेने ठेवीतून वळतं करून घेतलं होतं.

"कोनी वापरला माझा कार्ड?" ती माझ्याकडे वळली.

"कुणीच नाही, मावशी. कार्ड कुठाय?"

"देव्हाऱ्यात. आईच्या पुढ्यात. रोज हलद-कुकू लावते."

"आणि बँकेतून फोन नाही आले?"

"आले की. खूप आले. तू बोललास तसे सगले कापले."

क्लार्क हसला. मलाही हसू आलं. मित्रांत मी ही गोष्ट पुढे किती वेळा सांगितली असेल! हळदीकुंकवाने लाल झालेलं कार्ड, बँकेला चोर समजणारी मावशी, दोन्ही आवाज मी काढायचो. टाळ्या पडायच्या. मी ती नेहमी इथेच संपवायचो.

पण शाखेत ती तिथे संपली नव्हती. मॅनेजर माणूस बरा होता. म्हणाला, "सेल्सवाल्याने चुकीची माहिती दिली होती असं त्याने स्वतः लिहून दिलं, तर वर पाठवतो. दंड माफ होईल, बहुतेक पैसे परत मिळतील."

मावशीने टेबलावरचं पेन उचलून माझ्यापुढे धरलं. "लिव ना बाला. मना सांगला नव्हतास, येवढाच लिव."

माझी मुलगी त्या वर्षी कॉलेजात गेली होती. ती ओळ लिहिली असती तर संध्याकाळी नोकरी गेली असती. मी छातीवर हात ठेवला, आवाज खाली आणला आणि म्हटलं, "अशी घाईत नाही लिहायची मावशी. घरी बसून, व्यवस्थित, मुद्देसूद लिहितो. उद्या आणतो." माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला अभिनय असेल. तिने लगेच विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी छत्री आणि टेबल उचलून मालाडला नेलं.

नारळी पौर्णिमेला बोटी गेल्या, तिची किनाऱ्यावरच राहिली. तिचा नवरा, ज्याने जन्मभर स्वतःची बोट चालवली, तो साठीला दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून चढला. थंडीत त्यांनी बोट विकली. हे मला बाजारातल्या एका बर्फवाल्याने सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

पुढच्या वर्षी बँकेने आमची सगळी टीमच काढून टाकली. ज्या नोकरीसाठी गप्प बसलो होतो ती गेली. मग मी ती ओळ लिहिली. एकच कागद, खाली सही. बाजारात गेलो, तर मावशीच्या शेजारी तिची सून बसलेली. मावशीने हात पुसले, कागद घेतला आणि सुनेकडे दिला.

सून मोठ्याने वाचू लागली. "वापरलं नाही तर पैसे लागणार नाहीत, असं मी यांना खोटं सांगितलं होतं."

"परत वाच," मावशी म्हणाली.

सुनेने परत वाचलं. आजूबाजूच्या दोघी-तिघी ऐकत होत्या. मी मान खाली घालून उभा होतो.

"बरा लिवलायस," मावशी म्हणाली. "तवा लिवायचा होतास." आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला विचारलं, "तुला काय देऊ गं?"