डाव्या कानातली गिटार

आमच्या घराखालीच यंत्रमाग होते. त्यांच्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून शाळेपासून मी माझ्या आवडत्या रॉक बँडची गाणी कानात जोरात लावायचे. मागच्या महिन्यात पाठ असलेल्या गाण्यातली डाव्या बाजूची गिटार ऐकूच येईना. इअरफोन उलटे घातले, तर ती उजव्या कानात स्पष्ट वाजली.

त्याच दिवशी कानाच्या तपासणीची वेळ घेतली. नवरा म्हणाला, "त्या गाण्यांच्या बोंबाबोंबीतनं सुटलीस की!" मी हसले नाही.

मला काचेच्या खोलीत बसवून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "आवाज आला की बटण दाबा." उजवा कान नीट निघाला. डाव्याच्या वेळी मी अंगठा बटणावर ठेवून आवाजाची वाट बघत राहिले. काचेपलीकडे डॉक्टरीणबाई यंत्राची आवाज वाढवायची कळ पुन्हा पुन्हा फिरवत होत्या. त्यांच्या शेजारी उभा नवरा आता हसत नव्हता.