डिलीट करा आणि विसरून जा

निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. तरी सोसायटीतलं कुणी मोबाईल पुढे करून “साहेब, हा मेल खरा की खोटा हो?” असं विचारतं, तेव्हा मला एक दुपार आठवते आणि माझं उत्तर लांबतं. विचारणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्याला चष्म्याशिवाय दिसत नसेल.

त्या काळी मी कोथरूड भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. घरोघरी ब्रॉडबँडच्या तारा आल्या होत्या. मुलं आयटी कंपन्यांत लागली होती आणि जाताजाता आईवडिलांच्या टेबलावर एक कॉम्प्युटर ठेवून गेली होती. त्यामुळे आमच्याकडे एका नव्याच प्रकारचे तक्रारदार येऊ लागले. बँकेच्या नावाने मेल येई, ‘तुमच्या खात्याला धोका आहे, इथे क्लिक करा’ असं त्यात असे आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं पासवर्ड लिहून मोकळी होत. सायबरचा स्वतंत्र विभाग आयुक्तालयात होता. ठाण्यातल्या अधिकाऱ्यांसाठी त्यांनी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, त्याला मीही गेलो. येताना एक नियम पक्का करून आलो : धोक्याची सूचना देणारा मेल म्हणजे खोटा मेल. तिथे याहून बरंच काही शिकवलं होतं. पण दिवसाला पन्नास माणसं समोर येतात, तेव्हा सोपा नियमच लक्षात राहतो.

त्या दुपारी एक बाई आल्या. वय पंचावन्नच्या पुढे, सुती साडी, हातात प्लास्टिकचं फोल्डर. एका महाविद्यालयात गणित शिकवत होत्या. बरोबर त्यांचे यजमान होते, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. ते बाहेर बाकावर बसले. बाईंनी एक छापील कागद माझ्यासमोर ठेवला.

“साहेब, हा मेल काल आला. माझ्या मेलचा पासवर्ड वापरून कुणीतरी नव्या कॉम्प्युटरवरून खातं उघडलं, असं म्हणतात. तुम्ही नसाल तर पासवर्ड बदला, असंही आहे.”

मी कागदावरून नजर फिरवली. वाचला नाही, नजर फिरवली.

“खोटा आहे. असे रोज येतात.”

“मलाही आधी तसंच वाटलं. पण यात माझ्याकडे पासवर्ड मागितलेला नाही. आणि ही वेळ बघा, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. तेव्हा मी वर्गावर होते. घरचा कॉम्प्युटर बंद होता.”

“बाई, ते वेळ काहीही टाकतात. माणूस घाबरला पाहिजे ना.”

“मग सावधगिरी म्हणून पासवर्ड बदलून टाकू का?”

“मुळीच नको! बदलायला गेलात की तेच तर त्यांना हवं असतं. डिलीट करा आणि विसरून जा.”

गणिताच्या शिक्षकाला उत्तर पटलं नाही की जसा चेहरा होतो, तसा बाईंचा झाला. पण समोर पोलीस निरीक्षक होता. “बरं. आपण म्हणता तर,” असं म्हणून त्यांनी कागद पुन्हा फोल्डरमध्ये ठेवला. त्या गेल्यावर मी दुसऱ्या कामाला लागलो. स्टेशन डायरीला नोंद केली नाही. तक्रार नव्हती, नुसती चौकशी होती.

दीड महिन्याने एक गृहस्थ ठाण्यात आले. त्यांच्या मुलीची एका परीक्षा मंडळाची गणिताची परीक्षा आदल्याच दिवशी झाली होती. मुलगी घरी येऊन रडत होती. तिच्या मैत्रिणींना एका खासगी क्लासने ‘संभाव्य प्रश्न’ म्हणून कागद दिला होता आणि जवळजवळ पूर्ण पेपर त्यातून आला होता. गृहस्थांनी कागदाची प्रत आणली होती. “माझं नाव कुठे येऊ देऊ नका,” एवढंच म्हणाले.

मंडळाकडे खात्री केली, त्यांची रीतसर फिर्याद घेतली, गुन्हा दाखल झाला. पेपर रद्द झाला. शेकडो मुलांना पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. तपास मी माझ्याकडेच ठेवला.

क्लासचा कागद आणि मूळ पेपर शेजारी ठेवून मी आणि माझे फौजदार ओळ न् ओळ ताडून पाहत होतो. एका ठिकाणी फरक सापडला. पाण्याच्या टाकीचं एक गणित होतं. क्लासच्या कागदावर टाकीची उंची अठरा होती, परीक्षेच्या पेपरात पंधरा. बाकी शब्दसुद्धा तेच. मंडळाचे अधिकारी म्हणाले, आमच्याकडे सीलबंद पाकिटातून आलेल्या प्रतीत पंधराच आहे. याचा अर्थ पेपर मंडळातून फुटला नव्हता, छापखान्यातूनही नाही. पाकीट बंद होण्याआधीच्या कच्च्या मसुद्यातून फुटला होता. आणि कच्चा मसुदा एकाच व्यक्तीकडे असू शकत होता, तो पेपर काढणाऱ्याकडे.

मंडळाने नाव कळवलं. त्याच बाई.

खरं सांगतो, नाव वाचून मला काहीच आठवलं नाही. स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून मी घरी येतो असा निरोप पाठवला. उलट निरोप आला : “सोसायटीत पोलिसांची गाडी नको. मीच येते.” बाई खोलीत आल्या तेव्हा चेहरा ओळखीचा वाटला, इतकंच. महिला हवालदारांना शेजारी बसवून मी सुरुवात केली.

“क्लासच्या चालकाला ओळखता?”

“माझा विद्यार्थी. हुशार होता. घरी येणं-जाणं आहे.”

“कच्चा मसुदा कुणाला दाखवला होता?”

“कुणालाही नाही. घरी टाईप केला. प्रिंटर बिघडला होता, म्हणून मी तो स्वतःलाच मेल केला आणि कॉलेजमध्ये छापला. छापल्यावर टाकीची चूक दिसली, ती दुरुस्त करून पाकीट बंद केलं. पेपर मेलवर ठेवायला नको होता. तो नियम मी मोडला.”

“म्हणजे मसुदा तुमच्याकडेच होता, क्लासवाला तुमचा विद्यार्थी, आणि कागद त्याच्याकडे सापडतो. हे कसं?”

मी आवाज चढवला होता. बाईंनी तो चढू दिला. मग फोल्डर उघडून तोच कागद माझ्यासमोर ठेवला.

“साहेब, मी आपल्याकडे आले होते. याच खुर्चीवर बसले होते. मी विचारलं, पासवर्ड बदलू का. आपण म्हणालात, मुळीच नको.”

महिला हवालदार खाली मान घालून लिहीत होत्या. त्यांचं पेन थांबलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

या वेळी मी तो कागद वाचला. पाठवणाऱ्याचा पत्ता त्या मेल कंपनीचाच होता, एका अक्षराचाही फरक नव्हता. कुठेही पासवर्ड, जन्मतारीख, काहीही मागितलेलं नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, की या मेलमधून काही करायचं नसेल तर आपलं खातं नेहमीप्रमाणे उघडा आणि तिथे अलीकडच्या नोंदी पाहा. म्हणजे मेलवर विश्वास ठेवायचीसुद्धा गरज नव्हती. ठाण्यात कॉम्प्युटर होता. बाईंना तिथे बसवून त्यांचं खातं उघडायला लावलं असतं, तर सगळी नोंद समोर दिसली असती. पाच मिनिटांचं काम होतं.

सायबर विभागामार्फत मेल कंपनीला पत्र गेलं. उत्तर यायला काही आठवडे लागले. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांची नोंद खरी निघाली. त्यानंतरही त्याच कॉम्प्युटरवरून खातं अनेकदा उघडलं गेलं होतं, आणि ती इंटरनेटची जोडणी क्लासच्या पत्त्यावर होती.

क्लासचालकाला चौकशीला आणलं. पस्तिशीचा, नीटनेटका, बोलण्यात पटाईत. वीस वर्षांचे पेपर अभ्यासून प्रश्न काढतो, असं तो सांगत राहिला. मी त्याला बोलू दिलं. पुष्कळ वर्षांच्या नोकरीत मला एक कळलं होतं, खोटं बोलणाऱ्याला अडवलं नाही की तो जास्त तपशील देतो. मग मी टाकीचं गणित पुढे केलं.

“हे तुम्हीच तयार केलंत?”

“हो साहेब.”

“सोडवून दाखवा.”

त्याने सोडवायला घेतलं. उत्तर विचित्र अपूर्णांकात येऊ लागलं, तसा त्याचा हात मंदावला.

“उंची पंधरा घेतली तर उत्तर पूर्णांकात येतं. तुम्ही गणिताचे शिक्षक. स्वतः तयार केलं असतंत, तर अठरा घेतली असती?”

मी कंपनीच्या उत्तराची प्रत कागदावर ठेवली. त्याने पाणी मागितलं. प्यायला, आणि मग सगळं बोलला.

बाईंचं मेल खातं काही वर्षांपूर्वी त्यानेच उघडून दिलं होतं. पासवर्डही त्यानेच ठेवला होता, आणि बाईंनी तो कधी बदलला नव्हता. पेपर त्या काढणार आहेत अशी कुणकुण त्याला लागली. शेजारच्या क्लासचा निकाल त्याच्यापेक्षा चांगला लागत होता, पोरं तिकडे जात होती. एके दिवशी त्याने जुना पासवर्ड घालून पाहिला.

“लागला साहेब. पण त्यात पेपरबिपर काही नव्हता. आणि लगेच बाईंना सूचनेचा मेल गेलेला दिसला. माझी घाबरगुंडी उडाली. वाटलं, आता बाई पासवर्ड बदलणार, कदाचित मलाच विचारणार. आठवडाभर मी हातच लावला नाही.”

“मग?”

“मग सहज पाहिलं, तर तोच पासवर्ड चालू. म्हटलं, बाईंचं लक्षच गेलं नाही. तेव्हा मसुदा येऊन पडला होता.”

मी तारखा लावून पाहिल्या. बाई माझ्याकडे आल्या त्यानंतर सहाव्या दिवशी त्यांनी मसुदा स्वतःला मेल केला होता. त्या दुपारी त्यांनी पासवर्ड बदलला असता, तर पेपर फुटलाच नसता. गुन्ह्याची उकल झाली होती, माझे फौजदार खुशीत होते, आणि मला त्या खोलीतून उठून जावंसं वाटत होतं.

क्लासचालकावर दोषारोपपत्र गेलं, पुढे त्याला शिक्षाही झाली. माझ्या दृष्टीने हकिगत तिथे संपत नाही.

बाईंवर मंडळाने स्वतंत्र चौकशी लावली. मसुदा मेलवर का ठेवला, हा एक मुद्दा. तो त्यांनी कबूलच केला होता. दुसरा मुद्दा जास्त जड होता : धोक्याची सूचना मिळूनही पासवर्ड का बदलला नाही? बाई पुन्हा माझ्याकडे आल्या.

“साहेब, दोन ओळींचं पत्र हवं होतं. मी अमुक दिवशी विचारायला आले होते, एवढंच. सल्ला काय दिलात ते लिहिलं नाहीत तरी चालेल.”

“बघतो,” मी म्हणालो.

वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, “अहो, तपास तुमच्याकडे. तुम्हीच साक्षीदार झालात तर आरोपीच्या वकिलाला आयतंच सापडेल. डायरीला नोंद आहे का? नाही ना? मग कशाला?” त्यांचं म्हणणं कायद्याला धरून नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण मी ते मानलं त्याचं कारण वेगळं होतं. माझी बढती तोंडावर आली होती. हे आज लिहिताना हात अडखळत नाही, तेव्हा मात्र हे मी मनाशीसुद्धा म्हटलं नव्हतं.

पत्र दिलं नाही. नाही असंही सांगितलं नाही. बाईंचे यजमान दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’ असं उत्तर मिळालं. एकदा मी खरंच गेलो होतो.

चौकशी समितीपुढे बाईंनी सांगितलं, की सूचनेबाबत त्यांनी एका जाणकाराचा सल्ला घेतला होता. कुणाचा, ते सांगितलं नाही. परीक्षेच्या कामातून त्यांना कायमचं काढलं. ठपक्यात ‘अक्षम्य हलगर्जीपणा’ असे शब्द होते. निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांनी नोकरी सोडली. मला बढती मिळाली.

निवृत्तीनंतर वर्षभराने मी त्यांच्या घरी गेलो. दार यजमानांनी उघडलं. ओळखायला वेळ लागला नाही.

“या. आज चौकशी आहे की चहा?”

“चहा मिळाला तर घेईन.”

बाई बाहेर आल्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. मी जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं, बढतीसकट. चहा झाला. मग मी विचारलं, “समितीपुढे माझं नाव का सांगितलं नाहीत?”

“पुरावा नव्हता. सिद्ध करता येत नाही ते मी फळ्यावर लिहीत नाही.” मग म्हणाल्या, “साहेब, तो मेल आपल्याला ओळखता आला नाही, त्याचं मला काही नाही. मलाही आला नव्हता, म्हणून तर आले होते. पण पत्र मागायला आले तेव्हा मी खरं बोलत होते, हे तर आपल्याला ठाऊक होतं.”

यजमानांनी कप उचलले. मी निघालो. जिन्यापर्यंत सोडायला कुणी आलं नाही, आणि ते योग्यच होतं.

आता कुणी मेल दाखवला, तर मी खरा किंवा खोटा असं काहीच म्हणत नाही. मेलमधल्या कशालाही हात लावू नका म्हणतो, शेजारी बसतो, त्यांना त्यांचं खातं स्वतःच्या हाताने वेगळं उघडायला लावतो आणि नोंदी दाखवा म्हणतो. बहुतेक वेळा काही निघत नाही. लोक हसतात, “साहेब, एवढ्याशा गोष्टीला अर्धा तास?” माझ्याकडे वेळ असतो. तेव्हाही होता. फसवणाऱ्यांना ओळखण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि त्यात मी बरा होतो. खरं सांगायला आलेल्या माणसाशी कसं वागायचं, हे मात्र मला कुणी शिकवलं नाही, आणि मी स्वतःहून शिकेपर्यंत त्या बाईंची नोकरी संपली होती.