माझा श्वास वीनाच्या हाती

"गियाँ-बारे सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, नाव इतकं नाजूक आहे तर आजार काही फार वाईट नसणार. मग त्यांनी हिंदीत समजावलं. रोगांशी लढणारी आपल्याच शरीरातली शक्ती उलटते आणि स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. पायांपासून लुळेपणा सुरू होतो आणि वर चढत जातो. "अपने आप उतरेगा. बस, तब तक साँस चलती रहनी चाहिए." हे सांगताना ते माझ्याकडे नाही, वीनाकडे बघत होते.

माझ्याबरोबर तिच्याशिवाय कोणी नव्हतंच. मिस्टर सासऱ्यांच्या दफनविधीसाठी मुलीला घेऊन नगरला गेले होते. त्यांच्या बदलीमुळे आम्ही चंडीगडला आलो होतो. ते पंजाबातले गोळीबाराचे दिवस. कुठे काही झालं की इथे कर्फ्यू आणि गाड्या बंद. माझ्या आजाराची तार मिळताच ते निघाले आणि दिल्लीत अडकून पडले.

वीना मसीह आमची शेजारीण. गुरदासपूरकडची पंजाबी ख्रिस्ती, शाळेत शिक्षिका, आमच्याच मंडळीतली, म्हणजे चर्चमधली. बोलायला फटकळ. आमचं जमलं ते बहुधा त्यामुळेच, कारण मीही काही कमी नाही.

सुरुवात अगदी फालतू होती. आधी जुलाब झाले, थांबले, आणि मग पायांच्या बोटांना मुंग्या. स्वयंपाकघरात पायातली चप्पल निसटायची आणि मला पत्ताच नसायचा. अशक्तपणा असेल म्हणून मी लिंबूपाणी पीत बसले. जिन्यावर गुडघ्यातून कोसळले तेव्हा वीनाने मला रिक्षात घातलं. तुमच्यापैकी कुणाच्या मुंग्या पायांतून वर सरकत असतील, तर लिंबूपाणी पीत बसू नका. त्याच दिवशी मोठं इस्पितळ गाठा.

तिथे लंबर पंक्चर केलं, म्हणजे पाठीच्या मणक्यातून सुईने पाणी काढून तपासलं. दुखलं, पण खरा त्रास वाट पाहण्याचा होता. सकाळी मांड्या हलत होत्या, संध्याकाळी हलेनात. दुसऱ्या दिवशी हातातून पेला सुटला. मग चेहरा गेला. शुद्ध मात्र लख्ख. आपण स्वतःच्या आत पुरले जातोय आणि वरून माती पडताना ऐकू येतेय, असं ते होतं.

मंडळीतले लोक भेटायला आले. देव ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांचीच परीक्षा घेतो, असं एकीने मला समजावलं. दुसरीने विचारलं, मनात कुणाविषयी काही धरून ठेवलंय का? मला तिच्याविषयीच धरावंसं वाटलं. पाळक म्हणाले, डोळे मिटून प्रार्थना करू या. चेहऱ्याच्या नसा गेल्यामुळे माझे डोळे मिटतच नव्हते. सगळ्यांनी मिटले आणि मी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले. त्यांची प्रार्थना खोटी होती असं मी म्हणत नाही. पण ते गेले आणि मी तिथेच होते.

वीना तेव्हा पायथ्याशी उभी राहून माझ्या टाचा चोळत होती. तिचेही डोळे उघडेच होते.

त्या दुपारी छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं झालं. जीभ जड झाली होती. नर्सने विचारलं, "साँस कैसी है?" माझी सगळी हिंदी पळाली आणि जेमतेम मराठी निघाली, "बरं नाही." नर्सने ऐकलं, "बुरा नहीं." ती हसली, म्हणाली, "शाबाश," आणि पुढच्या खाटेकडे वळली.

मी पुन्हा म्हटलं. तिने पुन्हा मान डोलावली. इतकी हताश मी आयुष्यात कधी झाले नव्हते. मरतेय हे सांगतेय, आणि ऐकणाऱ्याला वाटतंय की मी मजेत आहे.

वीना चहा घेऊन आली आणि तिसऱ्यांदा म्हटलेलं तिने ऐकलं. ग्लास हातातून पडला. "सिस्टर जी, ये मराठी बोल रही है! कह रही है ठीक नहीं है! डॉक्टर को बुलाओ, जल्दी!" ती पहिल्यांदा माझ्या घरी आली होती तेव्हा मी दर वाक्याला "बरं, बरं" म्हणत होते. तिला ते "बुरा, बुरा" ऐकू येत होतं. शेवटी तिने विचारलं होतं, "नी शालू, तैनूं मेरी हर गल्ल बुरी क्यों लगदी ऐ?" त्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. त्या हसण्याने माझा जीव वाचवला, हे मी शब्दशः सांगते.

घशात नळी घातली. व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारं यंत्र, एकही रिकामं नव्हतं. म्हणून नळीला ॲम्बू बॅग जोडली. हा एक रबरी फुगा असतो. तो हाताने दाबला की छातीत हवा जाते, सोडला की बाहेर येते. दाबायचं काम तेव्हा नातेवाइकांवरच असायचं. मंडळीतली माणसं पाळीपाळीने येणार होती. त्याआधीच शहरात कर्फ्यू लागला.

वीना एकटी राहिली. तिने दाबलं की मी जिवंत, थांबली की संपले. वॉर्डातली आया अधूनमधून फुगा घ्यायची, तेवढ्यात ती पाणी पिऊन परत. तिची बोटं सुजली, मग ती कोपराने दाबू लागली. मला ते बघवेना. मी देवाला म्हटलं, पुरे कर, ने मला. वीनाकडे बघून डोळ्यांनीच म्हटलं, सोड गं. तिला कळलं. ती भडकली. "इंज ना वेख मैनूं. मैं नहीं छड्डणा. समझी?" असं बघू नकोस माझ्याकडे, मी सोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी एक यंत्र रिकामं झालं. कसं झालं ते मी कधी विचारलं नाही. दोन खाटांपलीकडे कुणीतरी हंबरडा फोडला होता. तो आवाज अजून माझ्याबरोबर आहे.

गाड्या सुरू झाल्यावर मिस्टर आले. लुळेपणा आला होता तसाच उतरत गेला, पण गोगलगायीच्या गतीने. काठी धरून देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, पायरी चढायला कित्येक महिने लागले. डावं पाऊल अजून नीट उचललं जात नाही. ज्यांचं सगळं परत आलं नाही त्यांनाही मी भेटले आहे. म्हणून बरं होईलच असं कुणाला सांगत नाही. कुणाला तरी जवळ बसवून ठेवा, एवढं सांगते.

मंडळीने देवाचे आभार मानायला उपकारस्तुतीची सभा ठेवली. मला साक्ष द्यायची होती, म्हणजे देवाने मला कसं वाचवलं ते सगळ्यांसमोर सांगायचं होतं. आदल्या दिवशी मी वीनाला विचारलं, फुगा दाबताना तू कोणती प्रार्थना करत होतीस? मला ती साक्षीत सांगायची होती.

"दुआ कित्थे, नी!" ती वैतागून म्हणाली. "दुआ करदी तां गिणती भुल्ल जांदी."

प्रार्थना केली असती तर मोजणं चुकलं असतं. ती फक्त एक-दो, एक-दो मोजत होती. माझ्यासाठी देवाचं नाव घ्यायलाही तिला सवड नव्हती.

साक्षीला उभी राहिले आणि मी एवढंच सांगितलं. यावर आमेन म्हणायचं की नाही, हे कुणाला सुचेना. वीना खाली मान घालून बसली होती, कान लाल झालेले.

मग मीच मोठ्याने म्हटलं, आमेन.