खांबावरच्या दिव्याखालची शेवंती

मुकुंदवाडीला आमच्या शेताच्या कडेनं नवा रस्ता झाला आणि खांबावर मोठा दिवा लागला, तेव्हा बाबांनी स्वतः खांबापुढं नारळ फोडला. बांधावरचे साप-विंचू दिसतील म्हणून सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला होता. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. पण माझं शहाणपण म्हणजे वरातीमागून घोडं.

ते दुष्काळाचं वर्ष. विहिरीनं तळ गाठलेला, आजूबाजूच्या शेतांत नुसती ढेकळं. बाबांनी बाकीची पिकं सोडून दिली आणि होतं नव्हतं ते पाणी शेवंतीला घातलं. दसऱ्याला शेवंती आली तर जमीन ठेवायची, नाहीतर प्लॉटिंगवाल्यांना होकार द्यायचा, असं घरात ठरलं होतं.

शेवंती वाढली, आणि कशी! गुडघ्याच्या वर गेली, हिरवीगार. येणारे-जाणारे थांबून म्हणायचे, "लई जोरात हाय की!" कळी मात्र एक नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीआड दिव्याचा उजेड पोचत नव्हता, तिथल्या चार झाडांनीच काय त्या कळ्या धरल्या. त्या पाहिल्या आणि मी मान वर करून खांबावरच्या दिव्याकडं पाहिलं.

बाबांना मी चहा पिताना सांगितलं. शेवंतीची पानं रात्र मोजतात. रात्र पुरेशी लांबली, की पानातलं एक जनुक जागं होतं, त्याच्यापासून एक प्रथिन बनतं आणि देठातून शेंड्याला जातं. ते पोचलं, की तिथल्या पेशी पानं घडवायचं सोडून फूल घडवायला घेतात. मधेच उजेड पडला, की पान उलटाच निरोप धाडतं: थांबा.

बाबांनी कपबशी खाली ठेवली. "मग पानाला सांग की, रात झाली म्हणून."

मी रस्त्यापलीकडच्या नव्या कॉलनीत जाऊन दिवा बंद ठेवायची विनवणी केली. क्लासवरून अंधारात परतणाऱ्या मुलींच्या आयांनी विचारलं, "मग पोरींनी यायचं कसं?" त्यांचंही काही खोटं नव्हतं. तसंही उशीर झालाच होता. कळी धरून फूल उमलायला महिना-दीड महिना लागतो, आणि दसरा तोंडावर आलेला. इतकं सगळं समजूनही काहीच करता येत नाही, म्हणून मला स्वतःच्या शिक्षणावरच राग आला.

बाबा प्लॉटिंगवाल्यांना होकार देऊन आले. पाणी प्यायले आणि शेवंतीला पाणी सोडायला निघाले.

"आता कशाला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"जित्ती हायेत ना अजून?" ते म्हणाले. "तहान तर लागंलच."