‘जातो’ म्हणून निघालो, ओसाकाला

ऐंशीच्या दशकातली ट्रिप आहे ही, तेव्हा यातले भाव आणि रस्ते आज जसेच्या तसे शोधायला जाऊ नका. तरीही कुणी पाठीवर पिशवी टाकून, खिशात बेताचे डॉलर घेऊन ओसाकाला जायचं स्वप्न बघत असेल, तर त्याच्यासाठी लिहितोय.

मी मिशिगनमध्ये नोव्हायला आईबाबांकडे राहत होतो. बाबा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. मी दोन कॉलेजं सुरू करून दोन्ही सोडली होती आणि घरापासून सायकलच्या अंतरावर एका जपानी रेस्टॉरंटमध्ये भांडी घासत होतो. तिथला कुक सातोसान ओसाकाचा. कांदा चिरताना ओसाका, तांदूळ धुताना ओसाका. मोडक्या इंग्लिशमध्ये तो म्हणायचा, “माझी मावशी तिथे लॉज चालवते. स्वस्त. तू जा.” मी म्हणायचो, “तू का नाही जात?” मग तो पुढचा कांदा घ्यायचा.

शेवटी मीच तिकीट काढलं.

“आमच्या प्लँटवर कुणी जपानी गाडी आणली तर त्याला पार कोपऱ्यात पार्क करायला लावतात,” बाबा जेवताना आईला म्हणाले, “आणि आपले चिरंजीव डायरेक्ट जपानलाच निघाले. परत कधी येणार, विचार.”

“बघू,” मी म्हटलं.

“बघू हे कॉलेजचंही झालं होतं.”

खरं म्हणजे परत यायचं माझ्या मनात नव्हतं. तिकीट ओपन रिटर्नचं होतं, म्हणजे परतीचं पण तारीख न घातलेलं, कारण एकेरीपेक्षा तेच स्वस्त पडत होतं. ओसाकात इंग्लिश शिकवून चार पैसे जमवायचे, मग बोटीने पुढे, जमलं तर पार सांगलीपर्यंत. बाराव्या वर्षी सांगली सुटली, त्यानंतर कुठलंच गाव मला अंगाला बसलं नव्हतं. दारात बूट घालताना म्हटलं, “जातो.”

आई म्हणाली, “जातो नाही रे म्हणत. येतो म्हण.”

“जातो,” मी परत म्हटलं, आणि निघालो.

ओसाकाच्या एअरपोर्टवरून शहरात यायला बस घ्या, टॅक्सीकडे बघूसुद्धा नका. उमेदा स्टेशनच्या खाली जमिनीत दुसरं एक गाव आहे. मी त्यात इतका हरवलो की एकाच बेकरीवरून पुनःपुन्हा गेलो, शेवटी बेकरीवालीच मला बघून मान लववायला लागली. तिथून शहराला गोल फेरी मारणारी लाइन पकडायची आणि त्सुरुहाशीला उतरायचं. प्लॅटफॉर्मवरच भाजलेल्या मांसाचा वास येतो. आजूबाजूला कोरियन लोकांचा बाजार आहे, लाल तिखटात मुरवलेल्या कोबीची पिंपं मांडलेली. लोणच्याच्या वासाने सांगलीची आठवण आली. वाटलं, इथे आपलं जमेल.

लॉज एका बोळात होतं. दोन मजली, लाकडी, दारात कुंड्या आणि सायकली. सातोसानची मावशी माझ्या खांद्यापर्यंतही येत नव्हती. मी सातोसानने दिलेली चिठ्ठी पुढे केली, ती वाचून तिने माझी पिशवीच ओढून घेतली. तेवढ्यात आत फोन वाजला. पिशवी तिथेच टाकून ती धावली. पळत जाऊन रिसीव्हर उचलला आणि म्हणाली, “मोशी मोशी.”

मी चाटच पडलो. मला वाटलं, पलीकडच्या माणसाशी ती ‘मावशी, मावशी’ म्हणून बोलतेय. दुसऱ्या दिवशी कळलं की ते त्यांचं ‘हॅलो’. पण तोवर मी तिला मावशी म्हणायला लागलो होतो आणि नंतर ते बदलता येईना. मी ‘मावशी’ म्हटलं की ती मूठ कानाला लावायची आणि म्हणायची, “हाय, मोशी मोशी.” ‘हाय’ म्हणजे ‘हो’. रोज तोच विनोद, रोज दोघांनाही हसू.

आता खर्चाचं. येन तेव्हा वर चढत होता, डॉलर हातात वितळायचा. दुपारी स्टेशनवरच्या उभ्याने खायच्या टपरीवर उदोन खा, म्हणजे गरम रश्शातल्या जाड शेवया. त्या रश्शातही मासा असतो, तेव्हा कट्टर शाकाहारी असाल तर भात, टोफू आणि देवाचं नाव. लॉजवर आंघोळीची सोय नसते. गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात जायचं, आणि हौदात उतरायच्या आधी बाहेर बसून स्वच्छ अंग घासायचं. पाऊस असेल तर गोल लाइनचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढून शहराला एक वेढा घाला, सीट गरम असते. ओसाकाचा किल्ला मात्र माझा राहिला. निघालो होतो किल्ल्यालाच, पण वाटेत भाजलेल्या रताळ्यांची गाडी दिसली. तो रताळेवाला इतक्या संथ सुरात ओरडत चालला होता की मी त्याच्यामागे दुपारभर हिंडलो. किल्ला तुम्ही बघा.

एका संध्याकाळी मावशीने लोखंडी तव्यावर कोबी घातलेलं पीठ थापलं. थालीपीठच की. मी पुढे झालो आणि सवयीने त्यात बोटाने भोकं पाडली, तेल सोडायला. मावशीचं उलथनं हवेतच थांबलं. तिथे कॉलेजात शिकणारा तामुरा नावाचा भाडेकरू राहायचा, त्याला इंग्लिश यायचं. तो म्हणाला, “ती विचारते, तुझ्या देशात जेवणाला आधी ठार मारतात का?”

पण मला सांगायचंय ते दाराबद्दल. पहिल्याच सकाळी मी बाहेर पडायला लागलो तर मावशी आडवी आली. “इत्तेकिमास,” ती म्हणाली आणि थांबली. मी म्हटल्याशिवाय ती हलेना. मी कसंबसं म्हटलं. तिने खुशीत काहीतरी उत्तर दिलं आणि वाट सोडली. मग हे रोजचंच झालं.

तामुराला अर्थ विचारला. तो म्हणाला, “जातो आणि येतो. घरातून निघताना म्हणायचं. आणि घरातलं माणूस म्हणतं, जाऊन ये.”

मला हसूच आलं. इतक्या लांब येऊन दारात परत आईच उभी.

“सातोसान पण हेच म्हणून अमेरिकेला गेला,” तामुरा म्हणाला. “त्याला बरीच वर्षं झाली. आम्ही तिला म्हणतो, तो आता नाही यायचा. ती म्हणते, नसतं यायचं तर तो दुसरं काही म्हणाला असता.”

तेव्हा लक्षात आलं, फोन वाजला की ती का धावते. त्यानंतर फोन वाजला की मीही कान द्यायला लागलो. प्रत्येक वेळी ‘मोशी मोशी’चा पहिला ‘मोशी’ चढा, आणि कोण आहे ते कळलं की पुढचा आवाज साधा, धंद्याचा.

इंग्लिश शिकवायचं काम मिळण्यातलं होतं, तामुराने एका क्लासमध्ये शब्दही टाकला होता. आणि तरीही मी स्टेशनवरच्या हिरव्या फोनवरून नोव्हायला कलेक्ट कॉल लावला, पैसे घेणाऱ्याने भरायचे. आईने घेतला.

“कुठे आहेस? जेवलास का?”

“जेवलो. आई, ऐक ना,” मी म्हटलं.

मागून बाबांचा आवाज आला. “त्याला सांग, गॅरेजचं दार बिघडलंय, उघडत नाही. पुढच्या दाराने ये म्हणावं.”

“ऐकलंस ना,” आई म्हणाली.

मी क्लासला नाही म्हणून कळवलं आणि परतीची तारीख घालून घेतली.

निघायच्या सकाळी तामुराने मला बजावलं की कायमचं जाताना ‘इत्तेकिमास’ म्हणत नाहीत. ‘तुम्ही माझं फार केलंत’ अशा अर्थाचं एक लांबलचक वाक्य आहे, ते म्हण. मी रात्रभर पाठ केलं. मावशी पायरीवर उभी होती. मी बूट घातले, पिशवी चढवली, वाकलो, आणि तोंडातून निघालं, “इत्तेकिमास.”

तामुराने डोळे मिटले. मावशीने रोजचंच उत्तर दिलं, जरा सावकाश.

नोव्हायला बर्फ पडलं होतं. गॅरेजसमोर तसंच साचलेलं, पुढच्या दारापर्यंत मात्र कुणीतरी फावड्याने वाट काढून ठेवली होती. दार लोटून म्हटलं, “आलो.” आतून आई म्हणाली, “आधी हातपाय धू.” बाबांनी पेपर खाली केला, माझ्या बुटांकडे बघितलं, आणि परत वर घेतला.

गॅरेजचं दार अजून बिघडलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी मी आणि बाबांनी मिळून ते उघडलं. मी नंतरही पुष्कळ भटकलो, एका जागी बसायला काही शिकलो नाही. पण दारात ‘जातो’ म्हटलं नाही.

रेस्टॉरंटमध्ये सातोसान कांदे चिरत होता. मी त्याला सगळं सांगितलं, थालीपीठ, न्हाणीघर, रताळेवाला. फोनचंही सांगितलं. त्याने एकच विचारलं.

“निघताना काय म्हणालास?”

“इत्तेकिमास.”

त्याची सुरी थांबली.

“म्हणजे आता ती दोघांसाठी धावणार,” तो म्हणाला, आणि पुढचा कांदा घेतला.