पोट आत घेऊ नका

लेकापाठोपाठ परदेशात राहायला गेलेल्या शिंपीकाकांचा तिथल्या डॉक्टरवर काडीचा विश्वास नव्हता. साखर वाढली म्हणून सुनेने बळेच नेलं. डॉक्टरने टेप काढून कमरेचं माप घेतलं, तशी काकांनी गपकन पोट आत ओढलं. याच लबाडीसाठी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांवर डाफरलेला माणूस! दारापर्यंत पोचेपर्यंत मन खायला लागलं.

"सूनबाई, माप चुकलंय. दोन इंच वाढवा म्हणावं."

सुनेने सांगितलं. डॉक्टर हसून काहीतरी बोलला.

"बाबा, ते म्हणतात, सगळेच पोट आत घेतात. दोन इंच त्यांनी आधीच वाढवून लिहिलेत."

काका परत येऊन खुर्चीत ऐसपैस बसले.

"मग सांग त्यांना, माझा गुडघाही दुखतो."